रात्रीच्या मुक्कामाची उंची पण छापा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत बडोद्याच्या एका ग्रुपचे बर्फातले फोटो आलेत, बघून छान वाटलं, पण मागच्या जूनमध्ये हिमाचलात मनालीजवळच्या हम्पटा पासला, म्हणजे डोंगरातल्या उंच खिंडीला, गेलेल्या आमच्या 18 जणांच्या ग्रुपचाही असाच फोटो आहे आणि त्यात 17च माणसं आहेत. अठरावी मी.

आता कोणी म्हणेल तयारी कमी पडली असेल. तर तसं नाही हो, तीन महिने रोज कमाटीबागेत चालले, चार रविवार पावागढच्या पायऱ्या चढले, आणि डोक्यात हेच की पावागढ न थांबता चढते म्हणजे झालं काम. पण पावागढ 800 मीटरचा आणि हम्पटा पास साधारण 4270 मीटर, तिथे हवाच इतकी विरळ की एका श्वासात इथल्याच्या जेमतेम 60 टक्के ऑक्सिजन मिळतो. मांड्या कितीही मजबूत करा, शरीराला सवय व्हायला दिवसच द्यावे लागतात आणि तेच आमच्याकडे नव्हते. दिल्लीहून रात्रभर बस, मनालीत (2000 मीटर) एक रात्र, दुसऱ्या दिवशी जोबऱ्याहून चालत चिका नावाच्या कॅम्पला, म्हणजे 3100 वर झोपलो, आणि तिसऱ्या रात्री पुढचा कॅम्प बालू का घेरा, 3600 च्याही वर! डॉक्टर सांगतात 3000 च्या वर गेलं की झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि आमची मनाली ते चिका एकच उडी 1100 ची. आयोजकांच्या पत्रकात यातलं काही नव्हतं, फक्त 'ईझी टू मॉडरेट'.

चिकालाच डोकं धरलं होतं. बोलले नाही, कारण टेंटमध्ये अंताक्षरी रंगलेली आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या जाऊबाई मजेत राजमा-भात खात होत्या, मग मी कशी रडू? आयोजकांनी सगळ्यांना चणे वाटावे तशा डोकेदुखीच्या गोळ्या वाटल्या, मीही घेतली, दुखणं दबलं आणि मला वाटलं बरी झाले.

पासच्या दिवशी पहाटे पाचला निघालो, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. बुटांवर स्पाइक्स चढवायचे होते, ते मी तीनदा उलटे घातले आणि मला त्याचं हसू येत होतं. आमचा गाइड, तिथलाच, माझ्या मुलाच्या वयाचा, तो हसत नव्हता, बघत होता. तासाभराने मला बर्फातच उलटी झाली. त्याने काठीने बर्फावर एक रेघ ओढली आणि म्हणाला, आंटी, इस पे चलो, एड़ी से पंजा मिला के. तिसऱ्या पावलाला मी रेघेबाहेर. "नीचे चलो, अभी."

आयोजक म्हणत होते, थोडं बसा, अजून एक गोळी घ्या, मग येता येईल. पोराने ऐकलं नाही, माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला घेऊन उतरायला लागला. संध्याकाळपर्यंत चिकाला येऊन मी दोन ताटं भात खाल्ला! घरी आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की उंचीवर तोल जायला लागणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण, त्यावर खरा उपाय म्हणजे लगेच खाली उतरणं, आणि तिथेच गोळ्या खात बसले असते तर जिवावर बेतलं असतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा ट्रेकची माहिती छापाल तेव्हा पासच्या उंचीबरोबर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची पण छापा, आणि मनालीत किती रात्री आहेत तेही. आयोजक देत नसतील तर आपण ग्राहक म्हणून मागून घेऊया, पैसे भरायच्या आधी. आणि ग्रुपमध्ये डोकं दुखलं तर बोला हो, माझ्यासारखं मानापमानात अडकू नका.

जाऊबाईंनी पास ओलांडला. त्यांचं सर्टिफिकेट आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये लावलंय, एकत्र कुटुंब आहे, रोज दिसतं.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा