रोजची गोळी आणि बाबांचं कानशील

ती. आई-बाबांस,
सा. न.

"गोळी घेतली की बरं वाटतं, मग रोज घेतली तर बिघडलं काय?" हे आईने विचारलं तेव्हा फोनवर वाद नको म्हणून गप्प बसले. आता सविस्तर लिहिते.

आई, तुझी अर्धशिशी जुनी. त्यावर अधूनमधून गोळी घ्यायला हरकत नाही. पण साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतली आणि हे तीन महिन्यांवर चाललं, की गोळीच डोकं दुखवू लागते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना तर महिन्यातले १० दिवसही पुरतात. असर उतरला की ठणका, ठणका लागला की पुन्हा गोळी. यातून सुटायचं तर ती बंदच करावी लागते, आणि सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कर. अर्धशिशी येऊच नये म्हणून घ्यायची औषधं वेगळी असतात. प्रोप्रॅनोलॉल त्यातलंच, मूळचं हृदयाचं आणि बीपीचं. तोवर गोळी घेतलेल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये फुली मार. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. आणि आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी तुझ्या बीपीच्या औषधांबरोबर नकोच, बीपी वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

बाबा, मला खरी काळजी तुमची आहे. जन्मात कधी डोकं दुखलं नाही आणि आता कानशील दुखतंय, कंगवा लागला तरी झोंबतंय, आणि तुम्ही म्हणता बीपी असेल! थोड्याफार वाढलेल्या बीपीने सहसा डोकं दुखत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी तपासावीच लागते. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आली असेल, तर चावताना जबडा दुखतो, आणि उपचार लांबले तर नजर कायमची जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांवरून अंदाज येतो, आणि दाट शंका असली तर अहवालाची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. म्हणून आज किंवा फार तर उद्या दाखवा. मध्येच अंधुक किंवा दोन-दोन दिसलं, तर त्याच क्षणी निघा.

तसंच, दोघांपैकी कुणाचंही डोकं एकदम, मिनिटभरात असह्य दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर आधी हॉस्पिटल गाठा, मला फोन नंतर.

बाबा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि मध्यंतरी डोक्याला मार लागला होता, हेही डॉक्टरांना सांगा. आत हळूहळू साचलेलं रक्त कधी काही आठवड्यांनी त्रास देतं. तुम्ही सांगणार नाही, म्हणून आई, तू सोबत जा.

तुमची लेक