प्रबंध ऑनलाइन आला, सीडी मागेच राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठातली संशोधक मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरी आली होती. धालो म्हणजे आमच्याकडच्या बायका पौषात गात गात खेळतात ते लोकनृत्य. त्याच्या गाण्यांवर तिची पीएच.डी. चालली होती. आईने आधी तुळशीपुढे दिवा लावला आणि मग पडवीत बसून दोन दुपारी गाणी सांगितली. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या जागी, बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या असतात, एक ओळ म्हणते आणि दुसरी उचलते. इथे आई एकटीच दोन्हीकडचे म्हणत होती. तिला दम लागला की मुलगी रेकॉर्डर बंद करायला जाई, तेव्हा आई म्हणे, "चालू ठेव गो, दमपण गाण्यातलाच."

आई गेली त्याला तीन वर्षे झाली. गेल्या पौषात वाड्यावरच्या मुली एका गाण्याच्या पुढच्या ओळी विचारायला आल्या, तेव्हा मला त्या प्रबंधाची आठवण झाली.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे कुठे शोधायचे ते ठाऊक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. पदवी जाहीर करण्यापूर्वीच ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी, असे २०१६च्या नियमांत आले. हे केंद्र 'शोधगंगा' हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह चालवते आणि तिथले प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. या सोयीचे मोल मला चांगले कळते. पूर्वी गोव्यातल्या विद्यार्थ्याला बाहेरचा एखादा प्रबंध पाहायचा तर ओळखीचे पत्र घेऊन गाडी पकडावी लागे आणि तिथल्या वाचनकक्षात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घ्यावी लागत. आता वाळपईत बसून मोबाइलवर प्रबंध उघडतो.

उघडला खरा, पण 'धालो' हा शब्द टाकून तो सापडला नाही. शीर्षक रोमन लिपीत नोंदवले होते, ते अंदाजाने टाकल्यावर मिळाले. प्रकरणांच्या वेगवेगळ्या पीडीएफ फायली होत्या, त्या एकेक करून उघडल्या. समोर पानावर 'धालो' छापलेले स्पष्ट दिसत होते आणि शोधाच्या चौकटीत तोच शब्द लिहिला की 'आढळला नाही' असे उत्तर येई. एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला झाला.

कारण साधे आहे. प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. त्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असते. माणसाला मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नसतेच. युनिकोड या संगणकाच्या प्रमाण लिपीसंचात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यात देवनागरी १९९१पासून आहे, तरीही जुन्या फाँटमधले आणि नुसते स्कॅन केलेले मराठी प्रबंध अपलोड होत राहिले. २०१८मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवले. पण ज्या फायलीतली अक्षरेच यंत्राला वाचता येत नाहीत, तिची तुलना ते युनिकोडमधल्या लेखाशी कशी करणार? अशा वेळी 'साम्य नाही' या प्रमाणपत्राला काय अर्थ उरतो?

याहून मोठे नुकसान रेकॉर्डिंगचे झाले. परिशिष्टात एक ओळ होती, 'ध्वनिमुद्रण सोबतच्या सीडीत'. शोधगंगेवर सीडी नव्हती. मी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोन केला. तिथल्या बाईंनी आपुलकीने कपाटातून छापील प्रत काढली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात सीडी होती, पण त्यांच्या आताच्या संगणकांना सीडी घालायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी जुना ड्राइव्ह मिळवला, पण सीडी उघडली नाही. यात त्या बाईंचा दोष नाही. नियमाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली होती, तेवढी जपली गेली.

म्हणून गोव्यातल्या विद्यापीठीय धोरणाकडे लक्ष वेधते आहे. १९८५मध्ये स्थापन झालेले गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर उभे आहे. धालो, फुगडी, जागर, रणमाले या लोककलांवर काम करायला इथल्या मुलांना दुसरीकडे जायची गरज नाही. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा, शीर्षक आणि गोषवारा देवनागरीतही नोंदवावा, ध्वनी आणि चित्रफिती हा प्रबंधाचाच भाग मानून सोबत जमा करून घ्याव्यात, हे धोरणात स्पष्ट शब्दांत असायला हवे. पुस्तक किंवा पेटंट व्हायचे असेल तर प्रबंध वर्ष-दोन वर्षे बंद ठेवायला माझी हरकत नाही, फक्त तो उघडण्याची तारीख नोंदवलेली असावी.

आणि गाणारीला विचारावे. आईला सांगितले होते की 'पुस्तक होणार'. आपली गाणी जगात कुठेही उघडतील, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने होच म्हटले असते असे मला वाटते, पण तो होकार तिचा असायला हवा होता. संमतीचा कागद तिच्या भाषेत हवा, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी यायला हवी. आमच्या घरी ती प्रत असती, तर मला फोन करावाच लागला नसता.

मुलींना हव्या होत्या त्या ओळी मी पडद्यावर बघून वहीत उतरवून दिल्या. त्यांनी वाचल्या आणि विचारले, "मावशी, चाल कशी?" मला येते तेवढी म्हणून दाखवली. दुसऱ्या ओळीवर आई जो हेलकावा घेई, तो काही मला जमला नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, वाळपई-सत्तरी