आवाज जरा कमी ठेव, ओंकार

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद.

डाव्या कानात आठवडाभर शिट्टी वाजतेय, हे मला मीनामावशीकडून कळावं? फोनवर तू फक्त रेकॉर्डबद्दल बोललास. अमेरिकन गायक जीन क्लार्कची ‘नो अदर’, फोर एडी या रेकॉर्ड कंपनीने २०१९ मध्ये पुन्हा काढलेली, अ‍ॅबी रोड स्टुडिओत मूळ टेपवरून नव्याने मास्टर केलेली. पहिल्या पगारातून ही आणलीस म्हटल्यावर अप्पांना लगेच सांगितलं मी. आज कानाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय.

आधी अप्पांचा टर्नटेबल नीट लाव. प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, स्पिरिट लेव्हल ठेवून पातळी बघ. अँटीस्केट, म्हणजे सुई आत ओढली जाऊ नये म्हणून असलेलं बटण, शून्यावर ठेवून मागचं वजन फिरव, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आडवा तरंगला पाहिजे. मग आकड्यांची चकती शून्यावर आण आणि वजन दोन ग्रॅमपर्यंत ने. तुझ्या कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या डबीला, १.८ ते २.२ चालतं. अँटीस्केटही दोनवर घे. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी ठेवशील, तर सुई खाचेत नाचते आणि खाच कायमची खराब होते. वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ लिहिलेल्या, रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या इनपुटलाच जोड. साध्या लाइन इनपुटला जोडली की आवाज बारीक येतो, बास जातो, मग माणूस व्हॉल्यूम पिळत बसतो. कानांची वाट लागते ती अशी.

आलंच बघ. आता आलंय तर ऐक. ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास, ही मोठ्या माणसाची मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ ला पाचच तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रागावू नकोस, व्याख्यान द्यायचं नव्हतं.

जुनी सीडी आणि ही प्रत लागोपाठ ऐकशील, तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घे, आणि तो जे मोठं वाजतं त्याचा आवाज खाली आणून. जे थोडं मोठं वाजतं तेच आपल्याला उगाच चांगलं वाटतं, आणि श्रेय मास्टरिंगला जातं. खरा फरक हळू आवाजात कळतो. निर्माता थॉमस जेफरसन के याने थरावर थर चढवलेत. त्यात लेलँड स्क्लारचा बास, मागचा कोरस आणि पियानो वेगवेगळे ऐकू येतात का बघ. ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’मध्ये शब्द यायच्या आधी नुसते आलाप आहेत ना, सहावीत तू तेच बाथरूममध्ये लावायचास. शाळेची बस दारात, आणि आत तुझे आलाप! सूर पक्का होता. या कानांबद्दल मला उगाच काळजी वाटत नाही रे.

आठच गाणी. कॅलिफोर्नियात मेंदोसिनोला समुद्राकडे बघत जीनने लिहिलेली. एक लाखाच्या वर डॉलर खर्च झाले आणि त्याची रेकॉर्ड कंपनी असायलमच्या डेव्हिड गेफनला ते अजिबात रुचलं नाही. १९७४ मध्ये बिलबोर्डवर रेकॉर्ड १४४ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही आणि दोनेक वर्षांत बाजारातून गेलीसुद्धा. आजचं कौतुक बघायला जीन नाही. १९९१ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. बर्ड्स हा बँड सोडला तेव्हा एकवीसचा होता, तुझ्याहून लहान. विमानाची धास्ती हे त्यामागचं एक कारण. धास्ती कोणालाही वाटते, पण तुझी धास्ती एका तपासणीने मिटू शकते.

शनिवारी ईएनटीकडे जाच. ८००० हर्ट्झपर्यंतचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, माग. आवाजाने दुखावलेल्या कानाचा आलेख ३००० ते ६००० च्या मध्ये, बहुधा ४००० ला, खड्ड्यासारखा खाली जातो. आधीचे चौदा तास हेडफोन नको, गोंगाट नको, नाहीतर कानाचा तात्पुरता थकवाच मोजला जाईल. आणि ऐकूच कमी यायला लागलं तर शनिवारची वाट बघू नकोस, त्याच दिवशी जा, ऑफिस बुडालं तरी.

सुई साफ करताना ब्रश मागून पुढे ओढ, उलटा नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठव, मावशीला नाही.

तुझी,
आई