काकू, प्रश्न तिसऱ्यांदा वाचलात त्याबद्दल

काकू,

सा. न. वि. वि. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. मिरजेत ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुम्ही ज्या प्रवेश परीक्षेत माझ्या रायटर, म्हणजे प्रश्न वाचून मी सांगेन ते उत्तर नोंदवणाऱ्या, झालात, तिच्या यादीत नाव आलं. आरोग्य धोरण या विषयात मास्टर्स. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला निघतोय. पेढे वाटून झाले, एक पुढारी येऊन सत्कारही करून गेले. शाल माझ्या खांद्यावर, आणि भाषण मात्र सगळं बाबांना उद्देशून. मी तिथंच बसलो होतो.

हे असंच असतं, आणि खरं तर म्हणूनच मला हा विषय हवा होता. दवाखान्यात केस पेपर माझ्या नावाचा, पण विचारणार आईला, "याला कधीपासून दिसत नाही?" गोळ्यांच्या पाकिटांतलं कुठलं सकाळचं आणि कुठलं रात्रीचं हे बोटांना कळत नाही, त्यामुळे कुणीतरी घरात असेपर्यंतच औषध वेळेवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 25 मध्ये, दवाखान्याच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना जाता यावं, तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळावं, असं स्पष्ट लिहिलंय. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांवर दिव्यांग मोजले गेले. मग कायद्यातलं कलम केस पेपरच्या खिडकीपर्यंत का पोचत नाही, पैसा कुठं अडतो, कोण ठरवतं? हे रीतसर शिकता येतं. देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत तर आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त असा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रमच आहे. असल्या शिक्षणाला डॉक्टरच असावं लागतं असं नाही, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आमच्याकडच्या एका साहेबांना मात्र झोप चांगली लागत असावी. चौकशीला गेलो तर म्हणाले, "आरोग्य म्हणजे डॉक्टर लोकांचं काम. तू पेटी शीक, नाहीतर बँकेची परीक्षा दे." सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत आम्हाला किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सवलत कायद्यानंच दिलीय, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी शिपायाला चहा सांगितला. पेटीवाल्यांचा मला राग नाही हो, पण माझा सूर शाळेपासून बेसूर आहे.

आणि आधीच्या परीक्षेचा तो रायटर! केंद्रानंच दिलेला. पोरगा वाईट नव्हता, पण इंग्रजी वाक्यातला 'नॉट' गिळून पुढं जायचा. 'खालीलपैकी कोणतं बरोबर नाही' याचं 'कोणतं बरोबर' झालं की पुढचं काय सांगायचं? पुन्हा वाच म्हटलं की सुस्कारा. तो सुस्कारा ऐकला की आपण गप बसतो, काकू. येत असलेलं उत्तरसुद्धा अंदाजानं सांगून मोकळे होतो. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात ती कागदावर. समोरचा कंटाळला की ती वेळ आपण आपणहून सोडून देतो. वर्ष गेलं ते गेलंच.

तेव्हा नियम असा होता की आपण आणलेल्या लेखनिकाचं, म्हणजे रायटरचं, शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं. बारावीनंतर लग्न झालं आणि कॉलेज राहिलं, हे तुम्ही नेहमी चुटपुट लागल्यासारखं सांगता. त्याच जोरावर तुम्ही माझ्याशेजारी बसू शकलात.

बाकीचं सगळं विसरलो तरी एक प्रश्न विसरणार नाही. आकडेवारीचा, लांबलचक, चार पर्याय, प्रत्येकात दशांश. तुम्ही वाचलात. मी म्हटलं, परत. परत वाचलात. डोक्यात आकडे राहीनात. तिसऱ्यांदा 'परत' म्हणताना माझी जीभ जड झाली होती. आणि तुम्ही पहिल्या शब्दापासून सुरुवात केलीत. तोच वेग, तोच आवाज, पहिल्यांदाच वाचताय असा. दशांशचिन्हाशी तस्संच थांबलात. "हं, कळलं का?" नाही, "वेळ बघ" नाही. मी उत्तर सांगितलं, तुम्ही माऊस दाबलात, ते मला परत वाचून दाखवलंत आणि पुढचा प्रश्न. त्यानंतर मी अंदाजानं एकही उत्तर दिलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा पाकीट पुढं करायला लागले, तर तुम्ही सिटी बसचं भाडं तेवढं घेतलंत आणि म्हणालात, "मी काय समाजसेवा नाही केली. मला वाचायला मजा आली." या एका वाक्यासाठी तुमच्या पाया पडावंसं वाटलं. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांची मदत घरी आणून वर्षभर सांभाळावी लागते, भेटेल तिथं तिचा हिशोब द्यावा लागतो. तुमच्यासारखी माणसं काम करतात आणि बस पकडतात. अशी माणसं आहेत, आपल्या गावात आहेत, फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

आता शेवटचं. तुमचा धाकटा सांगत होता, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा फॉर्म आणून कपाटात ठेवलाय म्हणून. काकू, भरा तो. पदवी हातात पडली की नियमानं तुम्ही कदाचित माझ्या रायटर होऊ शकणार नाही, हे मला माहीत आहे. माझं मी बघतो. फॉर्मवर फोटो लागतो, तो काढून ठेवा, आणि शेवटची तारीख धाकट्याला विचारून मला कळवा. मी फोन करून पिच्छा पुरवणार आहे.

तुमचा,
तीनदा 'परत' म्हणणारा