खुळखुळा उपटू नका

महोदय,
सोसायटीच्या बागेतला खुळखुळा पुन्हा 'तण' म्हणून उपटला गेला. फार वाईट वाटलं. वाटाण्याच्या कुळातली ही आपली रानवनस्पती. बी रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरलं, की पावसाळा सरताना पिवळे तुरे येतात, त्यांवर काळे भुंगे घोंघावतात. खरी गंमत शेंगा-पानं सुकू लागल्यावर. ब्लू टायगर फुलपाखरांचे नर त्यांना चिकटून बसतात, पायांनी खरवडून रस शोषतात. त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनापासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. माझ्या गच्चीतल्या एका कुंडीवर मी 11 फुलपाखरं मोजली आहेत! बिया गुरांना विषारी, त्यामुळे गोठ्याजवळ नको. पण उद्यानांत एखादा कोपरा तरी पालिकेने खुळखुळ्यासाठी राखावा.
– एक वाचक, पुणे