जमावबंदीचा पंधरा दिवसांचा पास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात महिन्यातून साधारण दोनदा, आतल्या पानावर, निविदा सूचना आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी चार बोटांची एक बातमी असते : 'जिल्ह्यात जमावबंदी आदेश लागू'. ती कोणी वाचत असेल असं वाटत नाही. मी वाचतो. गेल्या मे महिन्यापासून ती कात्रीने कापून नातवाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत चिकटवतो. वही आता भरत आली आहे. मधे दोनदा खंड दिसतो. त्या पंधरवड्यात आदेशच निघाला नाही की आपल्याकडे जागा नव्हती, ते कळायला मार्ग नाही.

मी ३१ वर्षे एसटीत वाहक होतो. या नोकरीत माणसाला एक खोड लागते. कागद हातात आला की आधी त्यावरची तारीख बघायची. विद्यार्थ्याच्या पासाची मुदत काल संपली असेल, तर पोरगं कितीही गोड बोललं तरी तिकीट फाडायचं. कारण पुढच्या फाट्यावर तपासणीवाले चढले, तर मेमो पोराला नाही, मला मिळणार. त्याच खोडीने मी हे आदेश वाचू लागलो. प्रत्येकाची मुदत पंधरा दिवस. एक रात्री बाराला संपतो, पुढचा बारा वाजून एक मिनिटाने सुरू होतो. मजकूर शब्दाला शब्द तोच. बदलतात त्या तारखा आणि सणांची नावं.

हे पंधरा दिवस कुठून आले, ते मी शोधलं. आदेश निघतो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली. त्याचं पोटकलम (३) जमाव आणि मिरवणुकांना मनाई करण्याचा अधिकार देतं, पण लगेच पुढे अट घालतं की राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय अशी मनाई पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ अंमलात राहणार नाही. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही ठाऊक होतं की हे औषध कडक आहे, मोजून द्यायला हवं. पंधरा दिवसांच्या वर जायचं तर वरच्या कोणाला तरी विचारा, कारण सांगा. आमच्याकडे यावर काढलेला तोडगा सोपा आहे : वर जायचंच नाही. पंधरा दिवस संपले की नवे पंधरा दिवस. पास संपायच्या आत नवा पास, आणि तपासायला कोणीच गाडीत चढत नाही.

आदेशात काय काय मना आहे ते एकदा सावकाश वाचून बघा. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, काठ्या. दगड जमा करणं. प्रेतांचं किंवा प्रतिमांचं प्रदर्शन. जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं. सभ्यतेला सोडून भाषणं, हावभाव, सोंगं. आणि मग पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र येणं. शेवटी सवलती असतात. लग्न आणि अंत्ययात्रेला सूट. शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी लागते त्यांना सूट. गुडघ्यामुळे मी काठी घेऊनच चालतो, तेव्हा काठीचं मिटलं. तोंडाचं राहिलं.

कारणं तर त्याहून बघण्यासारखी. जयंत्या, उरूस, यात्रा, परीक्षा, "विविध पक्ष व संघटनांची आंदोलने, उपोषणे" आणि सगळ्यांच्या शेवटी ते कायमचं वाक्य : कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कुठली शक्यता नाकारता येते, मला सांगा. एसटीचं चाक घाटात निखळण्याची शक्यता मला ३१ वर्षांत एकदाही नाकारता आली नाही, म्हणून काही आम्ही गाड्या आगारात उभ्या करून ठेवल्या नाहीत. माझ्या वहीतल्या मेच्या कात्रणात कारणांच्या यादीत महाराष्ट्र दिनही आहे. हे राज्य ज्या मोर्च्यांनी आणि १०६ हुतात्म्यांनी मिळवलं, त्याचा वाढदिवस हे चार माणसांनी पाचव्याला सोबत न घेण्याचं कारण!

मी पोलिसांच्या विरोधात नाही. बंदच्या दिवशी गाडीवर दगड पडतो म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मागची काच फुटली तेव्हा गाडीत चाळीसेक माणसं होती. मी खाली बसलो आणि शेजारच्या बाईच्या कडेवरच्या पोराच्या डोक्यावर तिकिटांचा पत्र्याचा ट्रे धरला. पोराला काही झालं नाही. पण पुढे आठवडाभर तिकिटं काढताना ट्रेच्या खाचांतून काचेचा चुरा बोटांना लागत होता. त्या संध्याकाळी गावात जमावबंदी लागली तेव्हा मला हायसंच वाटलं. ती का लागली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि चौथ्या दिवशी ती उठली. आता मात्र वर्षभर लागलेली असते आणि ती लागली आहे हेच कोणाला माहीत नसतं, ज्याच्यावर चालवायची आहे त्याच्यापुरती ती कपाटातून बाहेर येते.

माझ्यावर आली ती गेल्या उन्हाळ्यात.

आमच्या भागात नळाला बाराव्या-तेराव्या दिवशी पाणी यायचं. पूर्वी असं झालं की नगरसेवकाच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता यायचे. तो नुसताच मान हलवायचा, पण दार तरी होतं. त्या वेळी नगरपरिषदेत नगरसेवकच नव्हते. मुदत केव्हाच संपली होती, निवडणुका रखडल्या होत्या आणि सगळा कारभार प्रशासकाकडे. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. राज्यभर वर्षानुवर्षं ते नुसतं कागदावर राहिलं. मुंबई महापालिकेत ७ मार्च २०२२ नंतर लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, तिथे आमच्या गावाची काय कथा. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका जाहीर करायला सांगितलं तेव्हा सूत्रं हलली.

तर आम्ही अकरा जणांनी ठरवलं की रिकामे हंडे घेऊन नगरपरिषदेच्या दारात एक तास बसायचं. अकरांत आठ बायका, दोन निवृत्त आणि एक बारावीचा मुलगा. तसं रीतसर निवेदन लिहिलं, पोलीस ठाण्यात नेऊन दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, ही दुसरी खोड. त्याच दिवशी कुठल्याशा भूमिपूजनाला मंत्री येणार आहेत हे आम्हाला नंतर कळलं. खरं सांगायचं तर कळल्यावर आम्हाला आनंदच झाला.

आदल्या रात्री साडेनऊला हवालदार नोटीस घेऊन दारात. "काका, एवढी सही मारा, वरून आलंय." जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून पूर्वी हिला १४९ ची नोटीस म्हणत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून ती १६८ ची झाली. मजकूर असा, की आपण उद्या आंदोलन करणार असल्याची गोपनीय माहिती मिळाली आहे. आपल्याकडून अनुचित प्रकार घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. ज्याने स्वतः चालत जाऊन, पोच घेऊन, वेळ आणि ठिकाण लिहून दिलं, त्याच्याबद्दल गोपनीय माहिती! मी आतून पोच आणून हवालदाराला दाखवली. बिचारा हसला. म्हणाला, "छापील असतंय काका, फक्त नाव भरतोत आम्ही."

ते कलम १६८ मी नंतर वाचलं. एकच वाक्य आहे. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस अधिकारी मधे पडू शकतो आणि त्याने आपल्या ताकदीनुसार तो रोखावा. नोटीस हा शब्द त्यात नाही. रिकामा हंडा घेऊन बसणं हा कुठला दखलपात्र गुन्हा, तेही त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मला "साहेबांनी बोलावलंय" म्हणून नेलं आणि दुपारी अडीचपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. अटक नाही, नोंद नाही, कोणी वाईट बोललं नाही, पंखाही माझ्याकडे फिरवून दिला. मंत्र्यांच्या गाड्या गेल्या तसं "काका, या आता" म्हणाले. त्या साडेसहा तासांचा कुठल्याही वहीत हिशेब नाही. माझ्या नोकरीत एका तिकिटाचा हिशेब वेबिलात लागला नाही तर आगारात रात्री अकरापर्यंत बसावं लागायचं. इथे अख्खा माणूस साडेसहा तास गहाळ झाला आणि कोणाचं वेबिल बिघडलं नाही.

बायकांनी मात्र गंमत केली. नगरपरिषदेच्या फाटकाजवळ आठ हंडे नळाला नंबर लावतात तसे ओळीने मांडले आणि घरी निघून गेल्या. पाच माणसांचा जमाव कायद्यात आहे, आठ हंड्यांचा नाही. दुपारी कोणीतरी ते उचलून आत नेले. परत आणायला तीन खेपा घालाव्या लागल्या.

त्यानंतर मी माहितीचा अधिकार वापरला. मागितलं एवढंच : वर्षभरातल्या जमावबंदीच्या आदेशांच्या प्रती, आणि प्रत्येक आदेशाआधी परिस्थिती तशी असल्याचा जो अहवाल आला असेल तो. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. संकलन मागितलंच कुठे होतं? जिथे असेल तिथून झेरॉक्स काढून द्या म्हटलं होतं. पहिलं अपील केलं आहे.

नातीने मोबाइलवर न्यायालयाचे दोन निकाल काढून दिले. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात त्याच जुन्या संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ बद्दल सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, लोकांचं रास्त म्हणणं किंवा गाऱ्हाणं दाबायला ते वापरता येणार नाहीत, आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. तो खटला काश्मीरचा आणि कलम १४४, आमचं कलम ३७, हे मलाही कळतं. पण पास कुठल्या आगाराचा आहे म्हणून मुदतीचा नियम बदलत नाही. दुसरा निकाल आमच्या मराठवाड्यातला. त्याच वर्षी फेब्रुवारीत औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या धरण्याला मनाई करणारा आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं बजावलं. माजलगावचे लोक न्यायालयापर्यंत गेले. अकरा हंडेवाल्यांनी वकिलाकडे जायचं का, यावर आमच्या घरात एक संध्याकाळ चर्चा झाली आणि सूनबाईने ती संपवली.

डिसेंबरमध्ये नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या. प्रचाराच्या दिवसांतली कात्रणंही माझ्या वहीत आहेत, आदेश तेव्हाही लागू होताच. तरी रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतून शंभर-दीडशे माणसं, हलगी, घोषणा सगळं चालू. त्यांच्याकडे परवानगी होती. म्हणजे संविधानाच्या कलम १९ ने ज्याला शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क म्हटलं, तो आमच्याकडे सवलतीच्या पासासारखा झाला आहे : खिडकीवर जा, अर्ज करा, शिक्का मिळाला तर चढा. उमेदवाराला शिक्का मिळतो. पाणी मागणाऱ्या बाईला नोटीस मिळते.

आता निवडून आलेल्या नव्या नगरसेवकांपैकी दोघे तेव्हाच्या आमच्या अकरांतल्या बायकांच्या दारात मतं मागायला आले होते. त्यांनी सभागृहात एवढं विचारावं की नगरपरिषदेच्या दारात गाऱ्हाणं घेऊन आलेल्यांसाठी पोलीस बोलावण्याचा कागद कोण पाठवतं, आणि त्या दिवशी पाठवला होता का. जिल्हा प्रशासनाने पुढचा आदेश काढताना मागच्या पंधरा दिवसांत नेमकं काय घडलं ते चार ओळींत लिहावं. काही घडलं नसेल तर तसं लिहावं.

आणि आपल्याकडे एक मागणं. ही बातमी छापताना 'जमावबंदी लागू' असं न लिहिता 'जमावबंदी सलग कितव्यांदा लागू' तो आकडा लिहा. मोजायचा कंटाळा आला तर माझी वही पाठवतो. सध्याचा आदेश येत्या रविवारी रात्री बाराला संपतो आहे. सोमवारचा अंक आला की मी आधी आतलं पान उघडीन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक

ता. क. : नाव व पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. मला काही वाटत नाही. सूनबाईला रात्री साडेनऊला दार वाजलेलं आवडत नाही. पत्र मिळाल्याची पोच मात्र द्यावी. गोपनीय माहिती माझ्या दारात पोहोचण्याआधी ती हाती असलेली बरी.