दहा नावांची यादी तिसऱ्या नावावर थांबली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीच्या प्रकल्पासाठी दहा मोठे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे कार्य एकेका ओळीत लिहून पाठव, असे म्हणालास. कागद घेऊन बसलो. गॅलिलिओ झाला, न्यूटन झाला. तिसरे नाव फॅरेडेचे घातले, त्यापुढे 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन, 1831' लिहिले आणि हात थांबला. एवढे वाचून त्या पोरीला काय कळणार? त्यातच तू लिहिले आहेस की गणित जमत नाही म्हणून भौतिकशास्त्र आपले नव्हे, असे ती म्हणते. ते वाक्य मनाला लागले. म्हणून यादी बाजूला ठेवली आहे. आज फॅरेडेबद्दलच लिहितो, पत्र तिलाही वाचायला दे.

मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम लिहिता-वाचता येण्यापुरती. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारीला लागला, ती सात वर्षे. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. ऐकलेले सगळे त्याने आकृत्यांसह उतरवले, त्याची वही स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. पुढचे जवळजवळ सगळे कामाचे आयुष्य त्याने तिथेच काढले.

1820 मध्ये अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसले होते की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची वळते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला होता. जिनिव्हाच्या कोलाडोन या शास्त्रज्ञाने 1825 मध्ये तारेच्या वेटोळ्याजवळ मोठा चुंबक नेऊन पाहिले. चुंबकाचा परिणाम थेट सुईवर होऊ नये म्हणून त्याने लांब तारा ओढून गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे अगदी थोडी वीजही सुईने दाखवणारे उपकरण, दुसऱ्या खोलीत ठेवला होता. हाताशी मदतनीस नव्हता. चुंबक सरकवायचा आणि चालत जाऊन सुई पाहायची. तो पोहोचेपर्यंत सुई शून्यावर परतलेली असे. शोध दर वेळी त्या खोलीत घडत होता आणि पाहायला तिथे कोणी नव्हते! हा प्रसंग आठवला की अजूनही जीव हळहळतो.

फॅरेडेचे आधीचे प्रयत्नही फसलेच होते. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. तार उघडीच होती, म्हणून वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि थरांच्या मध्ये सुती कापड. (पुस्तके बांधलेला हात इथे कामी आला असणार, असे मला नेहमी वाटते.) एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याची तार तीन फुटांवरच्या सुईवरून नेलेली. बॅटरी जोडली, सुई हलली आणि थांबली. वीज वाहत राहिली तरी सुई स्वस्थ. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेला. सगळे जण सतत वाहणारा प्रवाह शोधत होते आणि निसर्ग मात्र फक्त बदलाला उत्तर देत होता. ऑक्टोबरमध्ये त्याने नुसता चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून वीज काढून दाखवली. यादीत लिहिलेले 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' ते हेच. आज जलविद्युत केंद्रापासून पवनचक्कीपर्यंतची जनित्रे, म्हणजे वीज निर्माण करणारी यंत्रे, याच तत्त्वावर चालतात.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याची नजर. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवला की वक्र रेषा उमटतात, हे तू शाळेत पाहिले आहेस. इतरांसाठी ती नक्षी होती. फॅरेडे म्हणाला, चुंबकाभोवतीची जागा रिकामी नाही, तिथे काहीतरी खरोखर आहे. त्याच्या बलरेषांमधूनच पुढे 'क्षेत्र' ही कल्पना उभी राहिली. त्याच्या विजेवरच्या ग्रंथांत समीकरणे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे गणिती मंडळींनी या रेषांकडे फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते जेम्स क्लर्क मॅक्सवेलने. तो जन्मला तोही 1831 मध्येच. या तरुणाने फॅरेडेच्या चित्रावर विश्वास ठेवला आणि त्या बलरेषा गणितात मांडल्या. 1857 मध्ये त्याचा निबंध वाचून फॅरेडेने त्याला कळवले की एवढे गणित पाहून आधी मी जवळजवळ घाबरलोच, मग विषय ते इतके छान पेलतो आहे याचेच नवल वाटले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात त्याने विचारले, की गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही तितकेच स्पष्ट सांगता येणार नाहीत का? तो तेव्हा 66 वर्षांचा होता, जगप्रसिद्ध होता, आणि पंचविशी नुकती ओलांडलेल्या मुलाला मोकळेपणाने विचारत होता. तुझ्या लेकीला हे आवर्जून सांग.

1861 मध्ये मॅक्सवेलने स्कॉटलंडमधल्या घरी सूत्रे मांडली. त्यांत घालायचे मोजलेले आकडे लंडनला परतल्यावर हाती आले. वीज आणि चुंबकत्व यांच्या एकत्र पसरणाऱ्या लहरींचा, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींचा, वेग निघाला सेकंदाला सुमारे 3,10,000 किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या तेव्हा मोजलेल्या वेगाच्या अगदी जवळ. प्रकाश हीसुद्धा विजेची आणि चुंबकत्वाचीच लहर! हे त्याने फॅरेडेला पत्राने कळवले.

मग जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ. 1880 च्या दशकाच्या शेवटी त्याने ठिणग्यांच्या साहाय्याने त्या लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. तोवर फॅरेडे नव्हता आणि मॅक्सवेलही 48 व्या वर्षीच गेला होता. याच प्रयोगांत अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज उडते, हेही हर्ट्झने टिपले. त्याचे स्पष्टीकरण 1905 मध्ये आइन्स्टाइनने दिले आणि नोबेल पुरस्कार त्याला त्यासाठीच मिळाला. त्याच वर्षीचा त्याचा सापेक्षतेवरचा निबंध सुरू होतो तोसुद्धा चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यासारख्या वाहकापासून. तिच्या तक्त्यात ही नावे वेगवेगळ्या चौकटींत येतील. तिने त्यांना बाणांनी जोडले तर बरे.

आणि जगदीशचंद्र बोस यांना विसरू नको. त्यांनी या लहरी काही मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या आणि जानेवारी 1897 मध्ये त्यावर व्याख्यान दिले ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्याच, फॅरेडेने सुरू केलेल्या शुक्रवारच्या व्याख्यानमालेत.

उरलेली नावे पुढच्या पत्रात पाठवतो. तोवर तिला घेऊन बस. तांब्याची वेष्टित तार, पोकळ नळी, जरा जोरकस चुंबक आणि प्रयोगशाळेतला गॅल्व्हॅनोमीटर एवढे पुरे. पन्नास-शंभर वेढे घाल. चुंबक तिच्या हातात दे आणि सुई हातभर अंतरावर ठेव, पण त्याच टेबलावर, तिला दिसेल अशी.

तुझाच